धाकटीचं पान

कृतीची पानं पाच होती आणि शेवटचं धाकटीचं होतं. पहिल्या चार पानांवर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पाचव्यावर तीन ओळी. गोंद गार करणे. गाळणे. पिंपात भरणे.

"काकू, इथे सही," चिमणी म्हणाली.

धाकटीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"वाचायचंय का तुला?"

"तीन ओळी काय वाचायच्या," असं म्हणून धाकटीने सही ठोकली. आडनावाची वेलांटी शेजारच्या रकान्यात शिरली. कुणी बघितलं नाही. सगळे थोरल्या भाऊजींकडे बघत होते, कारण ते चष्मा पुसत होते, आणि ते चष्मा पुसायला लागले की काहीतरी बोलणार हे सगळ्यांना पाठ होतं.

"वडिलांनी हे कधी कागदावर उतरवलं नव्हतं," भाऊजी म्हणाले. "आता उतरलं. बरं झालं."

"उतरलं ते लेकीमुळे," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर बसलो असतो तर अजून पहिल्या ओळीत स्टार्च भिजत पडला असता."

धाकटीला सत्तेचाळिसावं लागलं होतं, पण या घरात सगळ्यांत शेवटी आली ती तीच. तिच्यानंतर आणखी एखादी सून आली असती तर बढती मिळाली असती. ती काही आली नाही, त्यामुळे घरात ती धाकटीच राहिली. चिमणी ही भाऊजींची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, करारमदार शिकून आलेली, आणि तरी चिमणीच. या घरात एकदा चिकटलेलं नाव निघत नसे. धंदाच चिकटवण्याचा होता म्हणा.

काचेच्या बाटल्यांवर लेबलं लावायचा गोंद ते करत. ओल्या, गार बाटलीवर लेबल बसलं पाहिजे आणि बाटली बर्फात ठेवली तरी हललं नाही पाहिजे, असा गोंद. सासऱ्यांनी सुरू केलेला, भाऊजींनी वाढवलेला. खाली कढई, टाकी आणि गोदाम, वर ऑफिस. आजवर सगळं ठीक चाललं होतं. पण यंदा मोठमोठ्या गिऱ्हाइकांनी एकामागून एक कळवलं की पुढच्या वर्षापासून झाकणं, लेबलं, खोकी, गोंद, सगळं आम्ही एकाच ठिकाणाहून घेणार. यांच्याकडे नुसता गोंद होता. एका कंपनीकडे गोंद सोडून सगळं होतं. चिमणीने सात महिने खेटे घालून त्या कंपनीला भागीदारीपर्यंत आणलं. कृती यांची, कारखाना त्यांचा, पिंपावर दोघांचं नाव.

अट एकच होती. गुरुवारी कंपनीच्या कारखान्यात, कंपनीच्या माणसांनी, फक्त हा कागद वाचून गोंदाचे तीन घाणे काढायचे. घरच्यांनी बघायचं, हात लावायचा नाही. तीनपैकी दोन घाणे आधी दिलेल्या नमुन्याशी जुळले तर करार. नाहीतर कंपनीच्या यादीत दुसऱ्या एका गोंदवाल्याचं नाव तयार होतं, आणि मग यांनी कढईखालची वाफ कायमची बंद करायची, एवढंच उरलं असतं.

आणि तो कागद अर्धवट होता. हे त्या खोलीत एकट्या धाकटीला माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी वाफेची झडप तुटून भाऊजींचा उजवा हात भाजला. दीड महिना ते घरी होते. परत आले तेव्हा अंगठ्यावर आणि दोन बोटांवर नवी, गुलाबी, ताठ कातडी होती. गोंद शिजला की नाही हे ओळखायची घरची पद्धत अशी, की काठीच्या टोकावर थेंब घ्यायचा, फुंकर मारायची, चिमटीत धरायचा आणि डोळे मिटून चिमूट उघडायची. डोळे मिटून, कारण वाफेत डोळे फसवतात असं सासरे म्हणायचे. गोंद बोटांना किती ओढतो त्यावरून कळायचं. हवा तसा ओढला की 'बस' म्हणायचं आणि वाफ बंद करायची.

भाऊजींची नवी कातडी चिमूट उघडताना स्वतःच ताणली जायची. तो ताण त्यांना गोंदाचा वाटायचा. म्हणून ते पाच-सात मिनिटं आधीच 'बस' म्हणायला लागले, आणि गोंद पातळ राहायला लागला.

शिजलेला गोंद नळीतून भिंतीपलीकडे धाकटीच्या टाकीत येई. त्या पहिल्या दिवशी तिने चिमटीत घेतला तर पाण्यासारखा सुटला. पलीकडे भाऊजी दीड महिन्यांनी कढईपाशी उभे होते आणि शीळ घालत होते. ती शीळ ऐकून तिला तोंड उघडवेना. टाक्या घासायला टाकणखार ठेवलेला असे. त्याने गोंद घट्ट होतो हे तिच्या कानावर होतं. तिने तो मगभर पाण्यात विरघळवला आणि थोडा थोडा घालत, ढवळत, चिमटीत बघत राहिली. जमलं. भाऊजींची बोटं बरी होईपर्यंत एवढं करायचं, असं तिने ठरवलं.

बोटं व्हायची तेवढीच बरी झाली. धाकटीचा मग अकरा वर्षं चालू राहिला. भाऊजी घाईत असले की पाऊण मग, निवांत असले की पाव. जाऊबाईंशी त्यांचं सकाळी वाजलं असेल तर एक मग आणि वर थोडा. खरेदी जाऊबाईंकडे होती. टाकणखाराची पोती इतकी कशी संपतात, असं त्या अधूनमधून विचारायच्या. टाक्या घासते, असं धाकटी सांगायची.

कृती लिहायची ठरल्यावर चिमणीने एकवीस दिवस कढईत तापमापक सोडला. बाबांनी 'बस' म्हटलं की आकडा टिपायचा. सरासरी निघाली बहात्तर अंश. मग वही घेऊन ती भिंतीपलीकडे आली.

"काकू, तुझ्याकडे काय काय होतं?"

"माझ्याकडे काय होणार? गार करते, गाळते, भरते."

अकरा वर्षांची सवय. प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर निघून गेलं होतं, आणि निघून गेल्यावर परत गिळता येईना.

बुधवारी सकाळी तिने नवऱ्याला गोदामात गाठलं. तो पिंपांची झाकणं ठोकून बघत होता. गिऱ्हाइकं आणि माल पोचवणं त्याच्याकडे. घाबरला की विनोद करायची त्याला खोड होती.

"अहो, एक सांगायचंय."

"गोड की कडू?"

"तो कागद चुकलाय," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. तो ऐकता ऐकता एका पिंपावर बसला.

"किती वर्षं म्हणालीस?"

"अकरा."

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगत फिरतोय, आमच्या दादाच्या बोटांत जादू आहे."

"होती."

तो हसला नाही. हातातलं झाकण त्याने मांडीवर उलटंसुलटं केलं. "मला सांगितलंस ना? आता आणखी कुणाला सांगू नकोस."

"उद्या तिकडे घाणा पातळ आला तर?"

"नाही येणार. त्यांची यंत्रं भारी असतात."

"यंत्र बहात्तरला वाफ बंद करणार. तेच लिहून दिलंय आपण."

"मग त्यांचं पाणी खराब निघेल," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. "अगं, दादाकडे दुसरं आहे काय? खरेदी वहिनी बघते, गिऱ्हाइकं मी, करार पोरगी. तो कढईपाशी उभा राहतो आणि 'बस' म्हणतो. तेवढं एक काढून घ्यायचं त्याच्याकडून? तेही परक्या लोकांसमोर?"

"म्हणूनच आज सांगू म्हणते. घरातल्या घरात."

"दुपारी बघू," असं म्हणून तो टेम्पो घेऊन गेला, आणि त्याची दुपार त्या दिवशी संध्याकाळी सात वाजेपर्यंत उगवली नाही.

मग ती चहा घेऊन वर गेली. चिमणी कराराचे मुद्दे मोठ्याने वाचत येरझाऱ्या घालत होती.

"काकू, माझी तर झोप उडालीय," ती कप घेत म्हणाली. "पण एक बरंय. कागद पक्का आहे. त्यावर बोट ठेवायला कुणाला जागा नाही."

धाकटीने बशीतला सांडलेला चहा पदराने पुसला आणि खाली आली.

गुरुवारी सकाळी तिने काय करावं? पाण्याच्या बाटलीत टाकणखाराचं दाट पाणी भरलं आणि बाटली पर्समध्ये ठेवली. तिथे त्या बाटलीचं काय करणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण रिकाम्या हाताने जायची छाती होईना. गेटवर पहारेकऱ्याने बाटली हलवून बघितली.

"पाणी?"

"हो."

आत गेल्यावर सगळ्यांना डोक्यावर कागदी टोप्या घालायला दिल्या. जमिनीवर पिवळी रेघ होती. पलीकडे कंपनीची माणसं आणि तीन चकचकीत कढया, अलीकडे खुर्च्या मांडून घरची पाच जणं. चाचणी घेणारी इंजिनिअर बाई याआधी यांचा कारखाना बघायला येऊन गेली होती आणि जाता जाता जिन्याच्या पायऱ्याही मोजून गेली होती. तेव्हापासून जाऊबाईंनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं. बाई वाईट नव्हती. नीट हसली, बसा म्हणाली, आणि कागद वाचायला लागली.

"दे गं जरा पाणी," जाऊबाईंनी पर्सकडे हात केला. "घसा सुकला."

धाकटीने पर्स छातीशी धरली. "ते पाणी नाही."

"मग काय आहे?"

"औषध."

"कसलं?"

"पोटाचं."

"एवढं?" जाऊबाईंनी तिच्याकडे वरून खाली बघितलं. "दाखवून का नाही येत कुठे?"

समोर सगळं कागदाबरहुकूम चाललं होतं. स्टार्च मोजला, पाणी मोजलं, कढई फिरायला लागली. भाऊजी प्रत्येक पायरीला मान हलवत होते. चिमणीचे ओठ पुढची ओळ आधीच म्हणत होते. आकडे चढत गेले. साठ. पासष्ट. सत्तर. बहात्तरला घंटी वाजली आणि वाफ आपोआप बंद झाली. धाकटीचा नवरा छताकडे बघू लागला.

गार झाल्यावर, गाळल्यावर, मोजणीबाईंनी तळाला बारीक भोक असलेला एक पेला घेतला, काठोकाठ गोंद भरला आणि घड्याळ लावलं. पेला रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. नमुन्याचा आकडा होता एकेचाळीस. हा पेला सव्विसाव्या सेकंदाला रिकामा झाला. बाईंनी पुन्हा भरला. पुन्हा सव्वीस. मग ओल्या बाटलीवर लेबल लावून बघितलं. लेबल क्षणभर थांबलं आणि सावकाश घसरत तळाशी जाऊन दुमडलं.

"मी बघू का?" भाऊजी उठले. घाणा संपला होता, तेव्हा हरकत नव्हती. बाईंनी काठी पुढे केली. भाऊजींनी थेंब घेतला, फुंकर मारली, चिमटीत धरला, डोळे मिटले. धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. भाऊजींनी चिमूट उघडली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ओढतोय."

मोजणीबाईंनी एकदा रिकाम्या पेल्याकडे बघितलं, एकदा त्यांच्या बोटांकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नियमाप्रमाणे घरच्यांना एकदाच दुरुस्ती करता येणार होती. दुसऱ्या घाण्याआधी, लेखी, कारणासह, पाचही जणांच्या सहीने. बाईंनी त्यासाठी एक छापील कागद दिला आणि शेजारची एक खोली. खोलीत गोल टेबल होतं आणि मधोमध प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. जाऊबाईंनी ती उचलून खिडकीत नेऊन ठेवली.

"लिही," भाऊजी उभ्याउभ्याच चिमणीला म्हणाले. "तुमचा स्टार्च जुना आहे. तुमचं पाणी जड आहे. आमच्या कृतीत फरक होणार नाही."

"बाबा, पाणी त्यांनी तपासलंय. मी रिपोर्ट बघितलाय."

"रिपोर्टला काय कळतंय? मी हात लावून बघितलाय. गोंद बरोबर आहे, त्यांचा पेला चुकीचा आहे."

"असं लिहिलं तर ते आत्ताच थांबतील. मुद्दा नऊ. सामग्रीवर आरोप केला की चाचणी रद्द."

"होऊ दे रद्द. चाळीस वर्षं मी कढईपाशी उभा आहे. मला पेला शिकवतात." भाऊजींनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहायला खाली वाकले. चिमणी रडकुंडीला आली होती. तिने काकाकडे बघितलं. काका कुंडी नसलेल्या जागेकडे बघत होता.

पेन कागदाला टेकलं.

"भाऊजी, थांबा," धाकटी म्हणाली. "मी घालते."

"काय घालतेस?"

"टाकणखार. माझ्या टाकीत. तुमच्याकडून गोंद आला की."

भाऊजी वाकलेलेच राहिले. "का?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. बुधवारभर तिने त्याची दहा उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही आता मिळेना.

"पातळ येतो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"हात भाजल्यापासून."

"रोज?"

"रोज."

भाऊजी सरळ झाले, खुर्ची ओढून बसले आणि उजवा हात टेबलाखाली नेला. तो हात असा खाली गेलेला बघून धाकटीला वाटलं, आपण जन्मभर मूग गिळून बसलो असतो तर बरं झालं असतं.

"म्हणून वर्षाला सहा पोती," जाऊबाई म्हणाल्या. "आणि मी सगळ्यांना सांगत होते, आमच्याइतक्या स्वच्छ टाक्या कुणाकडे नाहीत."

"काकू, मी तुला विचारलं होतं," चिमणीचा आवाज बारीक झाला. "वही घेऊन आले होते मी."

"हो."

"तू म्हणालीस, गाळते आणि भरते."

"हो गं."

"तुला माहीत होतं?" हे भाऊजींनी धाकट्या भावाला विचारलं.

"कालपासून," तो म्हणाला. "शपथेवर, दादा. कालच्या दिवसात मी दहा वर्षांनी म्हातारा झालो."

दार वाजलं. मोजणीबाईंनी डोकावून विचारलं, दहा मिनिटं झाली, काही ठरलं का?

धाकटीने कागद स्वतःकडे ओढला. दुरुस्ती कोणत्या पानात, असा पहिला रकाना होता. चौथं पान भाऊजींचं, पाचवं तिचं. तिने पाच लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सवयीचं असल्याने सांगायचं राहून गेलं. सही केली आणि कागद भाऊजींपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. त्यांनी सही केली नसती तरी तिला वाईट वाटलं नसतं. ते डाव्या हाताने कागद धरून, उजव्या हाताने, नेहमीसारखी लांबलचक सही करून मोकळे झाले आणि हात परत टेबलाखाली गेला. उरलेल्या तिघांनीही खाली सह्या केल्या.

मोजणीबाईंनी कागद वाचला. "टाकणखार किती घालायचा?"

"अंदाजाने," धाकटी म्हणाली.

"अंदाज मला लिहिता येत नाही. आकडा हवा." बाईंनी चौथं पान उलटून बघितलं. "खरं तर ऐंशी अंशापर्यंत शिजवलंत तर टाकणखार लागायलाच नको. बहात्तरलाच का थांबता?"

नवऱ्याचं सांत्वनाचं एखादं वाक्य आता येईल या भीतीने धाकटीने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"माझी बोटं तिथे थांबतात," भाऊजी म्हणाले आणि टेबलाखालचा हात वर काढून टेबलावर ठेवला. "भाजलेली आहेत. मला कळलं नाही, हिला कळलं."

बाईंनी हात बघितला. मोजला नाही. "मग ऐंशी लिहायचं का?"

"तुम्ही नमुना घेतला तो हिच्या हातचा," भाऊजी म्हणाले. "तोच काढायचा असेल तर तिचं पान धरा. ऐंशीचं आम्ही घरी बघू. दोन्ही एकदम केलंत तर खळ होईल, पिंपातून निघणार नाही."

आकडा काढण्यासाठी धाकटीला रेघेपलीकडे बोलावलं. पहिल्या घाण्याचाच पातळ गोंद होता, त्यातला एक डबा तिच्यासमोर ठेवला. बाईंनी टाकणखार आणायला कुणाला तरी पाठवलं, तेव्हा धाकटीने ओशाळून पर्समधून बाटली काढली.

"हे काय?"

"तेच."

"पाण्याच्या बाटलीत?"

"पोटाचं औषध," पिवळ्या रेघेअलीकडून जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी बाटली बाजूला ठेवली आणि स्वतःचा टाकणखार तोलून, मोजक्या पाण्यात विरघळवून दिला. धाकटी थोडा थोडा घालत ढवळू लागली. अकरा वर्षं हे काम तिने भिंतीआड, एकटीने, दाराकडे कान देऊन केलं होतं. आता सहा माणसं बघत होती आणि त्यांत भाऊजी होते. बोटं बधिर झाल्यासारखी वाटत होती. पहिल्यांदा चिमूट उघडली तर काहीच कळेना. दुसऱ्यांदा वाटलं, झालं. मग वाटलं, नाही. तिने डोळे मिटले.

"इथे," ती शेवटी म्हणाली.

पेला भरला. घड्याळ लावलं. तीस गेले. पस्तीस गेले. चाळिसाव्याला धार तुटली.

उरलेला टाकणखार तोलून किती लागला ते बाईंनी काढलं आणि पाचव्या पानावर चौथी ओळ लिहिली. दुसरा घाणा त्या ओळीबरहुकूम निघाला. बेचाळीस. तिसरा जेवणाच्या सुट्टीनंतर. चाळीस. लेबल बाटलीवर असं बसलं की जाऊबाईंनी नखाने खरवडून बघितलं. बाईंनी चिमणीशी हात मिळवला, कराराचा मसुदा सोमवारी पाठवते म्हणाल्या, आणि धाकटीला तिची बाटली परत दिली.

परतताना गाडीत चिमणी एकटीच फोनवर बोलत होती. भाऊजी पुढच्या सीटवर, हात मांडीवर. धाकटीला मागून त्यांचा फक्त एक कान आणि टक्कल दिसत होतं, आणि त्यावरून काही कळत नव्हतं. घराशी उतरताना त्यांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं. तसं ते नेहमीच धरायचे. त्यामुळे त्यावरूनही काही कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी कढई नेहमीच्या वेळेला सुरू झाली. शीळ नव्हती. धाकटी भिंतीअलीकडे टाकीपाशी उभी राहून ऐकत होती. वाफेचा आवाज, घोटणीचा आवाज. एव्हाना 'बस' यायला हवं होतं. आलं नाही. तिने टाकीचं झाकण पुसलं. गाळणी धुतली, ती धुतलेलीच होती. ऐंशीपर्यंत थांबणार असतील, तिने स्वतःला समजावलं. मग तेवढाही वेळ झाला. वाफ चालूच. गोंदाला शिजून गेल्याचा एक जड, गोडसर वास असतो, तो अजून आला नव्हता, पण येणार असं तिला वाटायला लागलं.

घाणा चालू असताना भिंतीपलीकडे जायचं नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा दंडक होता. ती दार ढकलून आत गेली.

भाऊजी कढईपाशी उभे होते. काठी हातात, थेंब चिमटीत, डोळे मिटलेले. त्यांनी चिमूट उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"कळत नाहीये," ते डोळे न उघडता म्हणाले. त्यांना तिची पावलं ओळखू आली असावीत. "परवापर्यंत कळत होतं."

"तापमापक आहे की, भाऊजी. चिमणीचा."

"आहे. एकोणऐंशी म्हणतोय. आपला स्टार्च रोज तसाच येत नाही, त्याला काय माहीत?" त्यांनी काठी कढईत बुडवली, वर काढली आणि तिच्यापुढे धरली. "बघ."

"मी?"

"मग कोण? पाचवं पान कुणाचं आहे?"

तिने थेंब घेतला, फुंकर मारली. भाऊजी वाफेच्या चाकावर हात ठेवून तिच्याकडे बघत उभे राहिले. तिने डोळे मिटले आणि चिमूट उघडली. ओढत होता. पण पुरेसा? अकरा वर्षं तिने दुसऱ्याने केलेलं निस्तरलं होतं. आधी आपण काही ठरवायचं असतं, हे तिच्या बोटांना नवीन होतं.

"झालं?" भाऊजींनी विचारलं.

"थांबा जरा."

"थांबतो. घाई करू नकोस," ते म्हणाले. "आता पलीकडे मग घेऊन कुणी उभं नाही."